बंद पडलेल्या कार बाजाराच्या जागेवर वस्तीचा बाजार: नागपुरात हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जेसीबीनं पहिला घाव घातला आणि डिझेलचा वास आला. दक्षिण नागपुरातली, रिंग रोडपासून थोडी आतली जागा. बरीच वर्षं तिथे जुन्या गाड्यांचा बाजार भरत होता. वरून सगळं छान दिसत होतं: गट्टू, गट्टूखाली दाबून बसवलेला मुरूम, मागच्या बाजूला टिनाचं शेड. फूटभर खाली काळी माती लागली. मूठभर हातात घेतली तर बोटं तेलकट झाली, साबणानं दोनदा धुतली तरी वास जाईना. दुकानांचा नकाशा तोवर मंजुरीला गेलेला होता, आणि पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा त्यात नेमका तिथेच दाखवला होता. नकाशा बदलला, पुन्हा सादर केला. अडीच महिने तिथेच गेले.

हे काम नव्यानं हातात घेणारा माणूस साधारणपणे आर्किटेक्टकडे आधी जातो आणि जमिनीकडे नंतर पाहतो. मी पण तेच केलं होतं. कार बाजाराची जागा गाड्यांच्या सोयीनं तयार केलेली असते. रस्त्याकडून पूर्ण उघडी, सावली नाही, उतार गाड्या धुण्यापुरता, जमीन चाकांचं वजन पेलण्यापुरती. तिथे माणसांनी रोज यावं, बसावं, खावं असं वाटत असेल तर यातलं जवळजवळ सगळं बदलावं लागतं. गाळे बांधणं त्यामानानं सोपं आहे. म्हणून खाली कामाचा जो क्रम दिलाय, तो शक्यतो मोडू नका.

आधी कागद: जागा नेमकी कोणाची आणि कशासाठी

नागपुरात मोकळा प्लॉट दिसला की पहिला प्रश्न हा, की तो नझूलचा आहे, नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, लीजचा आहे, की खासगी लेआऊटमधला. तिन्हींचे रस्ते वेगळे.

नझूलची जागा शासनाची असते आणि पट्ट्यानं दिलेली असते. पट्टा साधारणपणे ३० वर्षांचा. त्याचं नूतनीकरण झालंय का, आणि पट्ट्यात वापर काय लिहिलाय, हे दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयातून तपासा. निवासी पट्ट्यावर वर्षानुवर्षं गाड्या विकल्या गेल्या म्हणून तो व्यापारी होत नाही. शर्तभंग निघाला तर दंड आणि वापरबदलाची रक्कम नव्या माणसाच्या गळ्यात येते. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं उभी राहिली आणि शहराचा मोठा भाग तिच्याच लेआऊटवर वसलाय. तिथे लीजडीड, हस्तांतरणाची परवानगी आणि भूभाडं भरल्याच्या पावत्या बघायच्या. खासगी लेआऊट असेल तर आरएल हवं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाल्याचं ते पत्र. 'डिमांड (शुल्काची मागणी) भरली आहे, आरएल येऊन राहिलं' असं कोणी म्हणालं तर ते हातात येईपर्यंत इसारसुद्धा देऊ नका.

यासोबत आखीव पत्रिका किंवा सातबारा, मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल, आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, म्हणजे 'क' प्रत. मोजणी नक्की करून घ्या. कार बाजारवाले कुंपण सोयीनं सरकवतात. तारेच्या आत दिसतं ते सगळं प्लॉटचं असेलच असं नाही.

मग झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा. जागा महापालिकेच्या हद्दीत असली तरी नियोजन प्राधिकरण नासुप्र असू शकतं, आणि शहराबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. बांधकामाचे नियम मात्र सगळीकडे एकच, डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. निवासी भागात दुकानं किती आणि कुठल्या मजल्यापर्यंत चालतील, हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ती रुंदी विकास योजनेतली बघा, डोळ्यांना दिसणारी नव्हे. रस्ता रुंद होणार असेल तर तुमच्या दर्शनी भागातली पट्टी त्यात जाते, आणि कार बाजाराची सगळी किंमत त्या दर्शनी भागातच असते. मेट्रोमार्गापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात जागा असेल तर वेगळे नियम लागतात आणि जास्त चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळू शकते. ती मिळतेय म्हणून चार मजले चढवण्याची घाई मात्र करू नका. वस्तीच्या बाजारात पहिल्या मजल्यावरचा गाळा तळमजल्यासारखा कधीच चालत नाही, हे सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत कुठेही जिना चढून बघा.

उरलेल्या गाड्या

छोटी बाब आहे, पण काम अडवते. कोपऱ्यात दोन-चार धूळ खात पडलेल्या गाड्या असतातच. त्या भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून दाखला घ्यावा लागतो आणि ताब्यात घेतलेल्या गाडीची सूचनाही द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक गाडी कागदोपत्री कोणाच्या तरी नावावर आहे, एखादीवर बँकेचा बोजाही असेल. आधीच्या माणसाशी करार करतानाच 'सर्व वाहनं हटवून मोकळा ताबा' हे वाक्य आणि त्याची तारीख लिहून घ्या. शेवटची रक्कम त्या दिवसाला बांधा.

माती

कार बाजारात फक्त विक्री होते असं कागदावर असतं. प्रत्यक्षात मागच्या शेडमध्ये ऑइल बदललं जातं, बॅटऱ्या काढून ठेवतात, डेंटिंग-पेंटिंग होतं, गाड्या धुतल्या जातात. जागेवर फिरताना पाच ठिकाणं शोधा: धुण्याचा रॅम्प, ऑइलचा खड्डा, बॅटऱ्यांचा कोपरा, रंग मारायची जागा आणि जनरेटरची जागा. या प्रत्येकाजवळ एक खड्डा घ्या, दीड मीटर खोल, आणि अर्ध्या मीटरवरची आणि एक मीटरवरची माती वेगवेगळ्या पिशवीत भरा. पेट्रोलियमचे अंश आणि शिसं, या दोन तपासण्या तरी कराच. बोअरवेल असेल तर तिचं पाणीही तपासा. नीरीसारखी संस्था १९५८ पासून आपल्या शहरात आहे. माती-पाण्याच्या तपासणीसाठी बाहेर धावायची गरज नाही. जमिनीखाली इंधनाची टाकी निघाली तर तिला हात लावू नका. ती गॅसमुक्त करूनच काढावी लागते, आणि त्याविषयी विचारायचं ते पेसो कार्यालय, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था. तिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवरच आहे.

तेलकट माती निघाली तर ती भरावासाठी कोणालाही देऊ नका. 'भरण पाहिजे का भाऊ' म्हणत फिरणारे टिप्परवाले ती आनंदानं नेतील आणि कोणाच्या तरी अंगणात टाकतील. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल आणि त्याचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून अशी माती बुटीबोरीच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवता येते. खर्च होतो, पण साधारणपणे रॅम्प आणि ऑइलच्या खड्ड्याभोवतीचा मर्यादित भागच काढावा लागतो. वाहतुकीच्या पावत्या फाइलमध्ये जपून ठेवा. उद्या बँक किंवा मोठा भाडेकरू विचारेल.

पाणी जिरवायचा खड्डा या जागेपासून लांब घ्या. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. तेलकट मातीतून पाणी जिरवलं तर तेच शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जातं.

तेल नसलं तरी काळी माती स्वतःच एक काम आहे. आपल्याकडची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते. कार बाजारात वर मुरूम आणि बोल्डर दाबलेले असतात म्हणून जमीन कडक भासते, आणि कंत्राटदार म्हणतो चार फुटांवर पाया घेऊ. ऐकू नका. पक्क्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत जा, आणि जोत्याच्या आत काळी माती परत भरू देऊ नका. गाळ्यांची फरशी पहिल्याच पावसाळ्यानंतर उचलली जाते ती या भरावामुळे. शहराच्या पश्चिमेला खडक लवकर लागतो, दुसरीकडे मातीचा थर जाड निघू शकतो, तेव्हा शेजारच्या इमारतीचा पाया किती होता यावर विसंबू नका. भूतांत्रिक तपासणीला एकूण खर्चाच्या मानानं अगदी थोडे पैसे लागतात.

दोन दिवस फक्त उभं राहून बघा

आमच्या त्या जागेच्या फाटकाशी पोह्याचा ठेला लावणाऱ्या एक काकू होत्या. नकाशाच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. पाणी कुठे साचतं असं विचारलं, तर तर्री वाढता वाढता म्हणाल्या, ''भाऊ, पाणी आतून बाहेर जातच नाही. रस्त्यावरचंच आत येऊन राहिलं, सिमेंट रोड झाला तेव्हापासून.'' लेव्हल घेऊन पाहिली. रस्ता प्लॉटपेक्षा जवळपास फूटभर वर निघाला.

त्यांच्याकडूनच कळलं की सकाळी सात ते नऊ शाळेचे ऑटो आणि दूध-पोह्याची गर्दी असते, दुपारी रस्ता सुना, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सातशिवाय कोणी पायी निघत नाही. तुम्हीही वही घेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री आठला उभे राहा. पायी किती येतात, दुचाकीवर किती, गाडीनं किती ते मोजा. मग आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांत जाऊन एकच विचारा: कुठल्या वस्तूसाठी तुम्हाला वस्तीबाहेर जावं लागतं? आमच्याकडे उत्तरं आली ती अशी: चांगली भाजी, रात्री उघडं असणारं मेडिकल, पिको-फॉल, झेरॉक्स, घरी न्यायला पोळी-भाजी, आणि म्हाताऱ्यांना बसून चहा प्यायची जागा. ब्रॅण्डेड कपड्यांचं दुकान कोणीही मागितलं नाही.

यावरून गाळ्यांची वाटणी ठरवा. माझं मत असं, की खाण्यापिण्याला एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये. हॉटेलवाला भाडं जास्त देतो म्हणून मोह होतो. पण सगळ्या हॉटेलांची गर्दी एकाच वेळी, रात्री आठ ते दहा, येते. पार्किंग तेव्हाच भरतं, आणि सकाळी संकुल ओस पडतं. भाजी, दूध आणि मेडिकल दिवसभर माणसं आणतात. पोहेवाल्या काकूंना आम्ही दर्शनी कोपऱ्यात आठ बाय दहाचा छोटा गाळा दिला, कमी भाड्यानं. त्यांचं सकाळचं गिऱ्हाईक आधीपासून तिथलंच होतं, आणि पहिल्या दिवसापासून संकुलात सकाळी सातला दिवे लागले.

नकाशा: उंची, सावली, पार्किंग

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पाऊस नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत आणि सीताबर्डीच्या दुकानांत पाणी शिरलं. तळघरात गाळे काढायचा विचार असेल तर तो तिथेच सोडा. जोतं रस्त्यापासून निदान ६० सेंटिमीटर वर ठेवा, रस्ता पुन्हा चढेल हे धरूनच. पण उंच जोतं म्हणजे रॅम्प आला. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार १ ला १२ हवा, म्हणजे ६० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांबी. ही लांबी पहिल्याच नकाशात राखून ठेवली नाही तर शेवटी पायऱ्यांच्या बाजूला घसरगुंडीसारखा तुकडा बसवला जातो, आणि म्हातारी माणसं खालूनच परत जातात.

सावलीचं काम पार्किंगइतकंच महत्त्वाचं आहे. नागपुरात पारा ४७ च्या पुढे गेलेला आपण पाहिलाय. उन्हाळ्यात महत्त्वाच्या सिग्नलवर हिरवी जाळी बांधावी लागते ते शहर हे. पश्चिमेला काचेची दर्शनी बाजू देऊ नका. गाळ्यांसमोर सलग आठ फुटी पडवी काढा, जुन्या वाड्याच्या ओसरीसारखी, म्हणजे पहिल्या दुकानापासून शेवटच्यापर्यंत उन्हात न जाता चालता येईल आणि पावसातही. प्लॉटवर असलेला कडुनिंब वाचवून नकाशा काढा. झाड तोडायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागतेच, आणि त्या सावलीची बरोबरी करायला नव्या झाडाला निदान दहा वर्षं जातात. पश्चिमेच्या कुंपणाला करंज लावा आणि ती वाढेपर्यंत जाळी ताणा. कुलरची जागा, त्याचा पाण्याचा नळ आणि एसीच्या बाहेरच्या पेट्या कुठे बसतील हे आधी ठरवा, नाहीतर त्या पडवीत गरम हवा ओततात.

पार्किंगचं गणित हातानं करून बघा. एका गाडीला २.५ बाय ५ मीटर लागतात, पण ती वळायची-निघायची वाट धरून २५ ते ३० चौरस मीटर जातात. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर बारा गाड्या म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. दुचाकीला १ बाय २ मीटर. वस्तीच्या बाजाराला दुचाक्या जास्त येतात, तेव्हा नियमानं लागतील तेवढ्या गाड्यांची जागा द्या, आणि त्यावर उरलेली सगळी दुचाक्यांना, दर्शनी भागात. कार बाजाराचं तोंड रस्त्याच्या संपूर्ण लांबीला उघडं असतं. तेवढं ठेवू नका. आत येण्याची एक आणि बाहेर जाण्याची एक अशा दोनच वाटा ठेवा आणि मधल्या भागाला बसायचा कठडा घाला. जागा राष्ट्रीय महामार्गावर असेल तर वाटेसाठी महामार्ग प्राधिकरणाची परवानगी वेगळी लागते.

स्वयंपाकघर आधी, हॉटेलचं नाव नंतर

इथे नवीन माणूस सर्वांत जास्त फसतो. गाळा बांधून झाल्यावर सावजीवाला येतो, आणि तेव्हा कळतं की धूर कुठूनही काढता येत नाही. सावजीचा मसाला भाजायला लागला की ठसका चार घरं जातो. खाण्याचे गाळे एका टोकाला, वाऱ्याची दिशा बघून ठेवा, आणि त्यांच्यामागून धुराड्याची उभी वाट बांधकामातच काढा, शेजारच्या गच्चीच्या वर जाईल इतकी.

प्रत्येक स्वयंपाकघराच्या सांडपाण्याला गटाराआधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल वर तरंगून अडकेल असं चेंबर. ते पडवीत नको, मागच्या बाजूला, झाकण उघडून बादली काढता येईल अशा जागी. गॅसच्या टाक्या इमारतीबाहेर, जाळीच्या खोलीत. एका ठिकाणी १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. व्यावसायिक टाकी १९ किलोची, म्हणजे भरलेल्या पाच. तीन हॉटेलं मिळून एकच साठा करणार असतील तर हिशेब वेगळा होतो आणि पुन्हा पेसोकडे जावं लागतं. महावितरणचा भार मागताना फ्रीज, ओव्हन आणि एसी यांची बेरीज गाळ्यांच्या आकारावरून आधीच लावा. भार मोठा निघाला तर रोहित्रासाठी जागा तुम्हालाच द्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा पार्किंगमधून जाते.

मंजुऱ्या

बांधकाम नकाशा ऑनलाइन सादर होतो, मग डिमांड, ती भरली की प्रारंभ प्रमाणपत्र. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन विभागाची अट नकाशासोबतच समजून घ्या. बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. ते हातात येण्याआधी गाळा चालू करू देऊ नका, भाडेकरू कितीही घाई करो. अन्नाचा परवाना किंवा नोंदणी, आणि दुकाने-आस्थापना कायद्याची नोंद ज्याची त्यानं करायची. नामफलक मराठीत, देवनागरीत, आणि इतर भाषेपेक्षा लहान अक्षरांत नाही, ही अट २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे. सगळ्या फलकांची उंची आणि जागा तुम्हीच ठरवून द्या.

गाळे विकायचे की भाड्यानं द्यायचे? मी भाड्याच्या बाजूचा आहे. विकलेल्या गाळ्यात वर्षभरानं काय उघडेल यावर तुमचा ताबा राहत नाही. मेडिकलच्या जागी तिसरं मोबाइलचं दुकान येतं. शिवाय विकायचेच असतील तर जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा गाळे आठपर्यंत असतील तरच महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीतून सूट आहे. त्यापुढे नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही.

भाडेकरार

लिव्ह अॅण्ड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, ही जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. उदाहरण: महिना ४०,००० रुपये भाडं, ३६ महिने, अनामत २,४०,०००. भाडं झालं १४,४०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ७२,०००. एकूण १५,१२,००० वर शुल्क ३,७८० रुपये. नोंदणी शुल्क वेगळं. एवढ्या रकमेसाठी करार कच्चा ठेवू नका. व्यापारी भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे, आणि स्वतःच्या इमारतीच्या बांधकामावर भरलेला जीएसटी त्यातून वळता करता येत नाही. तेव्हा बांधकामाचा खर्च मांडताना कराची रक्कम परत येईल असं धरू नका.

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहा: गाळ्यात कुठला व्यवसाय चालेल, ग्रीस ट्रॅप कोण आणि किती दिवसांनी साफ करणार, पडवीत सामान मांडायचं नाही, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून कुठल्या वेळी बाहेर ठेवायचा. पडवीचं कलम वाचून भाडेकरू हसतात, पण दोन महिन्यांत पहिली मिठाईची काउंटर तिथेच सरकते. त्याच दिवशी मागे सरकवायला लावा.

पहिलं वर्ष

पहिला मोठा पाऊस रात्री आला तरी टॉर्च घेऊन जागेवर जा. फाटक, रॅम्पचा पायथा आणि मागचं शेवटचं चेंबर, या तीन ठिकाणी पाणी कुठे थांबतं ते खडूनं खूण करून ठेवा, कारण सकाळी ते ओसरलेलं असतं आणि कंत्राटदार मानत नाही. जोत्याला आणि फरशीला भेगा दिसल्या तर त्यावर तारीख लिहा आणि मार्चमध्ये पुन्हा मापा. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. ग्रीस ट्रॅपची झाकणंही त्याच दोन दिवशी स्वतः उभं राहून उघडायला लावा.